एका पानात तुमच्याबद्दल

इआनेताचं डोकं शनिवारी सकाळपासून फिरलेलं होतं, आणि कुणाचंही फिरलं असतं. रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालता घालता बाईनं सहा वर्षं खपून पटकथा लिहिली. क्रेग नावाच्या निर्मात्यानं "पाठवा, वाचतो" म्हटलं, तेव्हा चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थनासुद्धा झाली. पण नुसती पटकथा चालत नाही म्हणे. सोबत गोष्ट एका वाक्यात हवी, एका पानात हवी, आणि आणखी एका पानात स्वतःबद्दल हवं: तुम्ही कोण, आणि ही गोष्ट तुम्हीच का सांगायची?

तिनं गुरुवारी सगळं पाठवलं. आज उत्तर आलं. 'आजोबा छान आहेत. पण तुम्ही कुठे आहात? सोमवारपर्यंत नीट लिहून पाठवा, नाहीतर मी दुसरी पटकथा हातात घेतो.'

"आजोबा छान आहेत म्हणे!" तारोचा कंद सोलता सोलता ती कडाडली. "मग आधी काय माझीच टिमकी वाजवू?"

तिनं रीतीनं लिहिलं होतं. आधी सामोआतलं गाव, मग आजोबांचं मानाचं नाव, मग आईवडील, आणि शेवटी एक ओळ: 'मी त्यांची मुलगी.' त्यांच्यात चारचौघांत उठून कुणीही असंच बोलतं. पहिल्याच वाक्यात 'मी, मी' करणाऱ्याला ऑकलंडच्या या भागात कुणी दारात उभं करत नाही.

थोरली बहीण पेनिना समोर बसून नारळ खवत होती. ती म्हणाली, "बरोबर विचारतोय तो."

"तू कुणाच्या बाजूची गं?"

"तुझ्या पटकथेत आई आहे, सेतेफानो मामा आहे, मी आहे. माझी वेणीसुद्धा आहे. तू कुठंयस? पाच वर्षांची होतीस, घरातच होतीस की."

इआनेताचा हात थांबला. गोष्ट त्यांच्याच घरातली. त्यांच्या लहानपणी इथले पोलीस पहाटे सामोअन लोकांची दारं ठोठावायचे आणि राहण्याचा परवाना संपलेल्यांना उचलून परत मायदेशी पाठवायचे. पटकथेत पोलीस दार फोडून आत घुसतात आणि मामाला नेतात. चौदावा प्रसंग.

"मी तेव्हा झोपले होते," ती म्हणाली.

"झोपली होतीस? दार फुटलंच नव्हतं, बये."

सुरी टेबलावर आदळली.

"मग काय करणार होते मी? आईच रोज घोकून घ्यायची ना, आलेल्याला दारात ताटकळत ठेवायचं नाही, आत बोलवायचं, जेवायला विचारायचं! मी कडी काढली. 'या, बसा, जेवून जा' म्हटलं. चटई अंथरली त्या मेल्यांसाठी! आणि ते बुटांनी ती तुडवत आत गेले." तिचा आवाज चिरकला. "आई मला कधी एका शब्दानं बोलली नाही. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं!"

पेनिनानं खवलेल्या नारळाचं ताट बाजूला सारलं.

इआनेतानं हात पुसले, लॅपटॉप ओढला. आजोबांना तिनं पहिल्या ओळीतून हलवलं नाही. क्रेग गेला उडत. खाली मात्र लिहिलं: 'दार फुटलं नव्हतं. पाच वर्षांच्या मुलीनं ते उघडलं आणि पोलिसांना जेवायला बोलावलं. ती मुलगी मी. म्हणून ही गोष्ट मीच सांगायची.'

पेनिनानं चष्मा चढवून वाचलं. "आई का बोलली नाही, माहितीय?"

"का?"

"मामानं बजावलं होतं. बेड्या घातलेल्या, पायात चप्पल नाही, आणि दारातून वळून म्हणाला, 'पोरीला कुणी रागवायचं नाही. घरात एकटीच रीतीनं वागली.'"

"खोटं! मी तिथंच होते!"

"तू खाली बसून चटई सरळ करत होतीस."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?" इआनेता इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या घरातलं गाणं थांबलं. "मामा वारून वीस वर्षं झाली, पेनिना!"

"तू कधी त्या सकाळचं नाव काढलंस?"

इआनेतानं लॅपटॉप पुन्हा जवळ ओढला. मग नाक पुसलं आणि चौदावा प्रसंग उघडला.

"बस इथं," ती म्हणाली. "वळून म्हणाला, आणि पुढे काय? सगळं सांग."