आरएसएमए म्हणजे कोण?

"मॅडम, तो शेवटचा ए काढून टाका," शेठ म्हणाले. "शहराचं नाव बदललं. आता ए कशाचा?"

समोर येसराचं पाकीट होतं. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ, त्याची आमटी करतात. वाळूजमध्ये चार बायका ते बनवतात, शेठ दुकानांत पोचवतात. पाकिटावर ठळक इंग्रजी अक्षरं : आरएसएमए. औरंगपुऱ्यातल्या एजन्सीत मी कॉपीरायटर आहे, म्हणजे पाकिटांवरचा मजकूर लिहिते. या वेळी बॅक पॅनलवर, म्हणजे मागच्या बाजूला, नावाची गोष्ट लिहायची होती.

शेठच्या मते ते होतं रिच स्पायसेस ऑफ मराठवाडा, औरंगाबाद.

"मग 'ऑफ'चा ओ कुठं गेला?"

"तो सायलेंट असतो."

खालच्या किराणा दुकानदाराला विचारलं. तो त्याला रेशमा म्हणतो.

"शेठच्या पोरीचं नाव असेल."

"त्यांना दोन मुलगेच आहेत."

"मग बायकोचं."

वाळूजला जाताना रिक्षावाल्याला पाकीट दाखवलं. "रसमा. वो मद्रासी रस्सम का मसाला है ना?" माझा पुरता गोंधळ उडाला.

शेडमध्ये मंगलमावशी दळण काढत होत्या. "रमा, सायरा, मंगल, अनिता," त्या म्हणाल्या. "आम्ही चौघी. दुसरं काय?"

मला हेच हवं होतं. मी चळवळीची पत्रकं निघणाऱ्या घरात वाढले. वडिलांचा आग्रह असायचा की पत्रकाखाली सही पूर्ण नावानंच हवी. तिथंच बसून मी मजकूर लिहिला, चौघींची नावं आडनावांसकट, आणि मोठ्यानं वाचून दाखवला.

मावशींनी मशीन बंद केलं.

"हे नको."

"का?"

"पहिल्यांदा पूर्ण नावंच टाकली होती आम्ही. पैठणच्या बाजारात एका बाईनं वास घेतला, म्हणली, लई झ्याक. मग नावं वाचली. पाकीट ठिवलं अन् पदराला हात पुसला. येताना एसटीत रमानं ही अक्षरं काढली. अक्षरांवरून कुणाची जात कळत नाय."

"मग तर नावं छापायलाच हवीत. किती दिवस लपायचं?"

"तू छाप बाई. माल नाय खपला तर तुझा पगार थांबतो का?"

मी कागदावरच्या नावांवर रेघ मारली. पाकिटं बांधता बांधता सायरामावशी म्हणाल्या, "लोक रेशमा म्हणू दे नाय तर रसमा. खाऊ तर दे."

"मग मागं लिहू काय?"

"येसर आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळीत सोडायचं, हे लिही," मंगलमावशी म्हणाल्या. "लोक कोरडंच टाकतेत. गुठळ्या त्यांच्या, शिव्या आम्हाला."

तेच लिहिलं. शेठ वाचून वैतागले. "नावाची गोष्ट कुठंय? आणि ए तसाच?"

"तसाच राहू द्या."

"पण तो कशाचा?"

"सायलेंट आहे."

पाकीट आता मॉलमध्येही मिळतं. हे बरोबर झालं की चूक, मला अजून ठरवता येत नाही. चळवळीच्या पत्रकाखाली मी आजही पूर्ण नावानंच सही करते. पण नव्या ब्रँडचं काम आलं, की अक्षरांचा अर्थ विचारण्याआधी विचारते, नाव आखूड का केलं?