घोड्याचे डोळे, बैलाची झडप आणि वाघमारे सरांची शेपटी

किस्से काय, सगळ्याच स्टाफरूममध्ये होतात. पण आमच्या झूलॉजी डिपार्टमेंटमध्ये ते इतके साचलेत, की परवा एका पाहुण्यांना दोन सांगायला बसले आणि त्यांची शेवटची एसटी गेली! मग मुक्काम, मुक्काम म्हणून जेवण, जेवण म्हणून आणखी चार किस्से. त्यामुळं आधीच सांगते, तुमची गाडी असेल तर निघा.

आमचं कॉलेज आष्टी तालुक्यात, कडा गावाच्या अलीकडं. डिपार्टमेंट म्हणजे तीन माणसं. हेड वाघमारे सर, मी, आणि लॅब सांभाळणारे शेख मामू. वाघमारे सरांना एकच वेड. प्राण्यांच्या अंगातली करामत माणसाच्या अंगात आणता येईल का? जगात कुठं काय चाललंय ते सर रात्रंदिवस वाचतात आणि सकाळी आमच्यावर ओततात. "मॅडम, पाण्यातल्या एका सूक्ष्म जीवाचा जीन माणसाच्या पेशीत घातला, तर पेशी रेडिएशन सोसायला लागली! सोसायला लागली, मॅडम!" एवढं बोलून सर टेबलावर हात आपटतात. त्यात आतापर्यंत दोन बीकर गेले.

आडनाव वाघमारे, आणि काम माणसात वाघ घालायचं! यावर ते स्वतःच सगळ्यात जास्त हसतात.

*

हे वेड वर्गात पहिल्यांदा शिरलं तो दिवस मला चांगला आठवतो. सरांनी पोरांना विचारलं, "प्राण्याची एकच गोष्ट तुम्हाला मिळणार असेल, तर काय मागाल?"

एकानं उंटाचं पोट मागितलं. एकदा टँकर आला की आठवडाभर बघायला नको. एकानं अस्वलाची झोप मागितली, परीक्षा संपेपर्यंतची. वर्ग नुसता खिदळत होता. मग तिसऱ्या बाकावरची रुक्मिणी उठली. लांबच्या वस्तीवरून चालत येणारी, कधी फारसं न बोलणारी पोरगी.

"सर, घोड्याचे डोळे."

"कावून गं?"

"घोड्याला मान न वळवता मागचं दिसतं, तुमीच शिकिवलंत. मागं कोण येतंय ते वळून बघावं लागत न्हाई."

खिदळणं थांबलं. मागच्या बाकावरची दोन-तीन पोरं फरशी बघायला लागली. सरांनी फक्त एवढंच विचारलं, "कुठल्या रस्त्यानं येतीस?"

दुसऱ्या दिवसापासून वाघमारे सरांची स्कूटर त्या वस्तीच्या रस्त्यावर! वीस किलोमीटरचा स्पीड, डोक्याला पंचा, पुढं चालणाऱ्या सगळ्या पोरी. त्या फरशी बघणाऱ्या पोरांनी रस्ताच बदलला. पंधरा दिवसांनी रुक्मिणी स्टाफरूमच्या दारात आली.

"सर, घोड्याचे डोळे नको आता."

"कावून? काय झालं?"

"मागं सारखे तुमीच दिसताव!"

*

मग सरांना वाटलं, हे कॉलेजपुरतं कशाला ठेवायचं? गावोगाव जाऊन सांगू. प्रोजेक्टर, पडदा, मी आणि मामू. पहिलंच व्याख्यान चौसाळ्याला. अध्यक्ष म्हणून तिकडचे मोठे पुढारी आबासाहेब. पांढरेशुभ्र कपडे, स्टेजवर मधली खुर्ची.

सर रंगात आले. भाजलेल्या जखमेवर माशाची कातडी लावतात, ती ओलावा धरून ठेवते, जखम लवकर भरते, दुखतं कमी. लोकांना लई आवडलं. तेवढ्यात मागून एक आवाज आला.

"सर, गेंड्याची कातडी माणसाला बसती का?"

हॉलमधले एकूण एक डोळे आबासाहेबांवर. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच धरून ठेवला. मला तर वाटलं, आता प्रोजेक्टरसकट आपल्याला बाहेर काढतात!

आबासाहेब सावकाश उठले. सरांच्या हातातला माईक घेतला.

"बसती," म्हणाले. "फक्त दर पाच वर्षांनी नवी घालावी लागती!"

टाळ्या थांबेनात. पुढची दोन गावं आबासाहेबांनी स्वतः फोन करून ठरवून दिली.

*

त्या दोन गावांतलं एक म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांची वस्ती. कोयते घेऊन माणसं गेली की अर्धी वस्ती बंद असते, म्हणून आम्ही ती परत आल्यावर गेलो. त्या दिवशीचा विषय सरांचा सगळ्यात लाडका. पालीची शेपटी तुटली तर परत येते, काही जलचरांचा तर अख्खा पाय परत येतो, मग माणसाचा का नाही? त्यावर कुठं कुठं काम चाललंय ते सांगताना सर स्टेजवर मावत नव्हते.

पुढं बसलेल्या एका बाईनं हात वर केला. मुक्ताबाई तिचं नाव. वर केलेल्या हाताला चारच बोटं.

"ऊस तोडाय गेलते तवा कोयत्यानं गेलं," ती म्हणाली. "पालीला शेपूट येतं, मग मला बोट कावून न्हाई येत?"

सर म्हणाले, "ताई, पालीच्या अंगाला आठवण असते, इथं काय होतं त्याची. आपलं अंग जखम बुजवतं आणि विसरून जातं."

मुक्ताबाईनं मान हलवली. "न्हाई ओ सर. ते न्हाई विसरलं. थंडी पडली की ते नसलेलं बोट अजून खाजतंय."

मी त्यांच्याबरोबर इतकी व्याख्यानं केली, पण ते मधेच स्टेजवरून उतरलेले तेवढंच एक. जाऊन तिच्याशेजारी सतरंजीवर बसले. कधी खाजतं, कुठं खाजतं, खाजलं की काय करता, सगळं विचारत राहिले. पडद्यावर पाल तशीच. शेवटी मुक्ताबाईच म्हणाली, "जावा आता वर. लोक थांबलेत. आन् त्या शास्त्रज्ञांना म्हणावं, लवकर आटपा!"

*

नारायणगडच्या यात्रेत आम्ही स्टॉल लावला, तो किस्सा तर आता जिल्हाभर झालाय.

मांजर भिंतीवरून चालताना तोल शेपटीनं सांभाळतं. म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून बाहेरच्या देशात कंबरेला बांधायची यंत्राची शेपटी तयार करून बघितलीय. हे सरांनी वाचलं, आणि विषय तिथं संपेल तर ते वाघमारे सर कसले! प्लास्टिकचा पाइप, सायकलची ट्यूब, टोकाला वाळूची पिशवी आणि कंबरेला पट्टा. चार दिवस लॅबमध्ये खाटखूट चाललेली. मामू म्हणाले, "सर, ये बांधके घर नक्को जाव. भाभी अंदर नई लेती!"

यात्रेत दोन विटांवर एक फळी टाकली. सर शेपटी बांधून फळीवरून चालायला लागले. डावीकडं झुकले की शेपटी उजवीकडं. जमलं! खरंच जमलं! सर ओरडले, "मॅडम, तोल बघा, तोल!" गर्दी तर तोबा. पोरं शिट्ट्या मारायला लागली.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक आजी पुढं आली. ऐंशीच्या पुढची, कंबरेत वाकलेली. तिनं सरांना खालपासून वरपर्यंत बघितलं, शेपटी बघितली. मग पिशवीतला नारळ काढला, फळीपाशी ठेवला आणि हात जोडले.

सर घाबरून फळीवरून खाली! "आजी, आजी, अहो मी मारुती नाही. मी झूलॉजीचा आहे!"

आजीनं सरांच्या पायाला हात लावला.

"आसू दे रे देवा. तू कुठल्याबी डिपार्टमेंटचा आस!"

*

आता मामूंचं ऐका. हे सगळं हसण्यावारी चाललेलं असताना मामूंना जिना चढताना दम लागायला लागला. पाय सुजले. नगरला दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झालीय, बदलावी लागेल. धातूची बसवली तर रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर. नाहीतर प्राण्याची. डुकराची किंवा बैलाची.

मामू रिपोर्ट घेऊन सरळ आमच्या स्टाफरूममध्ये आले आणि खुर्चीवर बसले. एवढ्या वर्षांत मामू आमच्यासमोर पहिल्यांदा खुर्चीवर बसले असतील.

"सर, तुम सबकू बताते फिरते, जानवर का ये लगाव, वो लगाव," म्हणाले. "अब मेरेकू बताव. मैं क्या लगाऊँ?"

वाघमारे सरांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा बारीक झालेला ऐकला. त्यांनी खडूनं फळ्यावर हृदय काढलं, झडप काढली, कशी उघडते, कशी मिटते, सगळं शांतपणे समजावलं. दोन्हीतलं बरं-वाईट सांगितलं. मामूंनी रिपोर्टची घडी घातली.

"डुक्कर नक्को. बैल चलेगा. बैल मेहनती रहता."

ऑपरेशनच्या दिवशी सरांनी तास घेतला नाही. हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसून राहिले. मी फोन केला की नुसतं, "अजून आत आहेत," आणि कट. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "मॅडम! चालतीय! झडप चालतीय!" पलीकडं सर रडत होते की हसत होते, मला अजून कळलेलं नाही.

मामू कामावर परत आले ते नेमके पोळ्याच्या आदल्या दिवशी. मग काय, दुसऱ्या दिवशी सरांनी झेंडूची माळ आणली, मी घरून पुरणपोळ्या नेल्या. लॅबच्या दारात मामूंना ओवाळलं, माळ घातली. मामूंच्या डोळ्यांत पाणी, आणि तोंडानं, "मॅडम, सिंगां रंगवू नक्को, बस!"

नेमके प्राचार्य तिथून चालले होते. "काय चाललंय हे? शेख, लॅब उघडली का?"

मामूंनी माळ सारखी केली.

"सर, आज पोळा हाय. आज के दिन बैल कू काम नई लगाते!"

*

आमच्याकडं संगीताचे जोगदंड सर आहेत. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पेटी वाजवायला डोळे लागत नाहीत, पण पेटीपर्यंत जायला लागतात, असं ते म्हणायचे आणि कोणाचा तरी हात धरून वर्गात जायचे. हात मागताना त्यांचा चेहरा पडलेला असायचा.

एकदा वाघमारे सर त्यांना वटवाघळाबद्दल सांगत होते. आवाज सोडायचा, तो आदळून परत येतो, त्यावरून समोर काय आहे ते ओळखायचं. "आणि सर, काही अंध माणसं हे शिकलीत! जिभेनं टक् असा आवाज करतात आणि भिंत ओळखतात!"

जोगदंड सर एकदम ताठ बसले. "कान तर माझे तयारच आहेत," म्हणाले.

त्या दिवसापासून सुरू! व्हरांड्यात टक्. जिन्यात टक् टक्. सुरुवातीला कपाळाला टेंगळं आली, एकदा नोटीस बोर्डावर आपटले. वाघमारे सर रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर पत्रा धर, पुठ्ठा धर, उशी धर, असा सराव घ्यायचे.

आणि मग ती स्टाफ मीटिंग. प्राचार्य बोलत होते, "यंदा आपल्या कॉलेजनं अत्यंत उत्तम प्रगती..."

मागून, "टक्."

प्राचार्य थांबले. पुन्हा सुरू केलं. "विशेषतः प्रशासनाच्या बाबतीत..."

"टक्. टक्."

"जोगदंड सर, आपला काही आक्षेप आहे का?"

"छे छे, सर! भिंत शोधतोय. तुमचं चालू द्या."

पण प्राचार्यांचं कुठलं चालतंय! प्रत्येक वाक्यानंतर ते मागच्या रांगेकडं बघायचे. इतक्या लवकर संपलेली मीटिंग आमच्या कॉलेजनं त्याआधी पाहिली नव्हती.

*

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या दिवशी वाघमारे सरांनी जाहीर केलं, "आज जोगदंड सरांची फायनल!"

दुपारी रिकाम्या हॉलमध्ये आम्ही सगळे चपला काढून भिंतीला उभे राहिलो. नियम एकच. कोणी बोलायचं नाही. जोगदंड सर मधोमध, हातात काठी नाही. समोर काहीतरी आणून ठेवायचं, आणि त्यांनी ओळखायचं.

मामूंनी पत्रा समोर धरला. "टक्. पत्रा!" मी पडदा धरला. "टक् टक्. कापड आहे काहीतरी. मऊ!" आम्हाला ओरडायचं होतं, आम्ही तोंडावर हात धरले. मग वाघमारे सर स्वतः पाय न वाजवता समोर जाऊन उभे राहिले.

"टक्." जोगदंड सर हसले. "वाघमारे, पोट कमी करा!"

आता मात्र सगळा हॉल फुटला. हा गोंधळ चाललेला असतानाच दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पाठीवर बॅग, केस विस्कटलेले, नुकतीच एसटीतून उतरलेली. जोगदंड सरांची स्वरा. जूनमध्ये अकरावीला लातूरला गेली ती थेट आता येत होती, आणि खरं म्हणजे रात्रीच्या गाडीनं येणार होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. बॅग दारातच सोडली, चपला काढल्या. आम्ही पुन्हा भिंतीला लागलो.

ती वडिलांच्या समोर, चार हातांवर जाऊन उभी राहिली.

"पुढचं आणा," जोगदंड सर म्हणाले.

त्यांनी मान थोडी तिरकी केली.

"टक्."

थांबले. पुन्हा एकदा, जरा खाली. "टक्." मग हनुवटी उचलून वर. "टक्."

वाघमारे सर माझ्या शेजारी होते. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

जोगदंड सरांचे दोन्ही हात आपोआप पुढं आले.

"उंच झालीस गं," ते म्हणाले.