खालच्या ओळीतला तिसरा फोटो

कान्हे फाट्यावर माझं फ्लेक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, यात्रा, दहावा, तेरावा, सगळं माझ्या मशीनमधून बाहेर पडतं. लोकांना वाटतं, फ्लेक्सवर मजकूर असतो. डोंबलाचा मजकूर! फ्लेक्सवर फोटो असतात. वरच्या ओळीत पुढारी, खालच्या ओळीत मंडळाचे कार्यकर्ते, आणि मध्ये उरेल त्या जागेत ज्याचा वाढदिवस आहे किंवा जो मेला आहे तो. खालची ओळ प्रत्येक मंडळाची ठरलेली असते. ती मी एकदाच बनवून ठेवते. आमच्या धंद्यात तिला सेट म्हणतात. गणपती असो की श्रद्धांजली, मजकूर बदलायचा, खाली सेट चिकटवायचा, झालं काम.

फाशी असावी की नसावी, यावर माझं जे काही मत आहे ते कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. ते या सेटमुळे झालं.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या एका गावात खून झाला. मेलेला मुलगा खंडाळ्याच्या एका बंगल्यावर ड्रायव्हर होता. तिशीचा, हसरा, माझ्याकडे आधारकार्डाच्या झेरॉक्स काढायला यायचा. मारणारा त्याच्याच गावचा, त्याच्याच आळीतला, गावच्या मंडळाचा कार्याध्यक्ष. बांधावरून गाडी न्यायची की नाही, एवढ्यावरून भांडण. भर दुपारी त्यानं डोक्यात पहार घातली. तिथं दोघंच होते. लोक पोचेपर्यंत पोरगा गेलेला, आणि दुसरा पळालेला. दुसऱ्या दिवशी त्याला कामशेतला पकडला.

मग मतांचा पूर आला, बाई! माझ्या दुकानात एक बाकडं आहे. प्रिंट निघेपर्यंत माणसं त्यावर बसतात आणि न्यायनिवाडा करतात. एक म्हणाला, चौकात लटकवा. दुसरा म्हणाला, लटकवून काय, दोन मिनिटांत सुटतो तो, हात-पाय तोडून सोडून द्या. लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानात मॅनेजर असलेला एक शहाणा म्हणाला, जेलमध्ये ठेवून आपल्या पैशानं जेवू का घालायचं? हा गृहस्थ माझ्याकडून मुलाच्या शाळेसाठी उत्पन्नाचा खोटा दाखला टाइप करून मागत होता. मी दिला नाही, तर माझ्यावरच चिडला. एका बाईंचं म्हणणं, आमच्या ताब्यात द्या, आम्ही बघतो. या बाईंना झुरळ दिसलं तर त्या खुर्चीवर चढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

उलट बाजूचाही एक होता. रेल्वेतून रिटायर झालेले, खंडाळ्याचे एक भाऊ. ते म्हणायचे, "ज्या सरकारला फाट्यावरचा खड्डा नीट बुजवता येत नाही, त्याच्या हातात दोर देताय तुम्ही?" बोलणं झकास. पण हे ते फक्त बाकड्यावर म्हणायचे. मंडळाची पोरं सह्यांचा कागद घेऊन आली की भाऊंना अचानक गाडीची वेळ आठवायची. मला त्या तोडा-मारावाल्यांपेक्षा भाऊंचाच जास्त राग यायचा.

चौथ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष आले. "ताई, फ्लेक्स पाहिजे. बारा बाय आठ. 'नराधमाला फाशी झालीच पाहिजे.' लाल अक्षरात. अक्षरातून रक्त गळलं पाहिजे."

"मयताचा फोटो?" मी विचारलं.

"टाका की कोपऱ्यात. खाली आपला सेट टाका."

मी रक्त गाळलं, कोपऱ्यात पोरगा टाकला, खाली सेट टाकला आणि प्रूफ मंडळाच्या ग्रुपवर पाठवलं. पाच मिनिटांत अंगठेच अंगठे. एकाचंच म्हणणं आलं, माझा गॉगलवाला फोटो टाका. बाकी सगळ्यांना पसंत. संध्याकाळी फ्लेक्स फाट्यावर चढला. त्याच्याखाली मेणबत्त्या लावल्या, घोषणा दिल्या, सेल्फी काढले. दोन दिवस सगळी पंचक्रोशी त्याच्याखालून गेली.

तिसऱ्या दिवशी मयताची आई दुकानात आली. साठीच्या पुढची, काटक बाई. भाताचं खाचर स्वतः बघणारी. मी तिला मावशी म्हणते. सुतक चाललेलं, आणि ही वडगावला पोलिसांकडे जबाबासाठी निघालेली. दारात उभी राहून म्हणाली,

"पोरी, त्यो बी फाशी मागतोय का?"

"कोण, मावशी?"

"चल, दावते."

तिनं मला फ्लेक्सखाली नेलं आणि बोट वर केलं. खालची ओळ, डावीकडून तिसरा. भगवा फेटा, कपाळाला गुलाल, हात जोडून हसतोय. कार्याध्यक्ष! ज्यानं पहार घातली तो. ज्याला लटकवायचा तोच रांगेत उभा राहून फाशीची मागणी करत होता.

 सेट जुना होता. मी उघडून बघितलाच नव्हता. आणि त्या सगळ्या ग्रुपनंही नाही, कारण प्रत्येकानं फक्त आपापलं थोबाड बघून अंगठा दिला होता. मेणबत्त्या लावणाऱ्यांनी नाही बघितलं, सेल्फीवाल्यांनी नाही, फाट्यावर दिवसभर उभ्या असणाऱ्या रिक्षावाल्यांनी नाही. त्या फ्लेक्सकडे न्याय मागण्यासाठी एकच माणूस बघत होतं, आणि ती ही बाई होती.

"चुकलं मावशी, माझं चुकलं," मी म्हणाले.

"आसूंदे," ती म्हणाली. "लय दिसांनी कुनी तरी त्येंचे दोगांचे फोटू एका जागी लावले. ल्हान व्हते तवा एका ताटात जेवलेत."

अध्यक्षांना फोन केला तर ते माझ्यावरच घसरले. मंडळाची इज्जत घालवली म्हणाले. मी म्हटलं, "तुमचा फोटो नीट आलाय ना? मग झालं तर." दुपारपर्यंत फ्लेक्स उतरला. संध्याकाळी नवा करून मागितला. आणि मेल्यांची लाज अशी, की तिसरी जागा रिकामी झाली म्हणून तिथं आपला फोटो लागावा यासाठी तिघांनी मला वेगवेगळे फोन केले. एकानं तर खुनाच्या दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांना सांगून ठेवलं होतं म्हणे. फाशी राहिली बाजूला, इथं भरती चालली होती.

मावशी मात्र वडगावचा जबाब देऊन परत माझ्या दुकानात येऊन बसली. काउंटरवर निवेदनाचा कागद पडला होता. तहसीलदारांना द्यायचा, आदल्या दिवशी अध्यक्षांनी सांगितला तसा मी टाइप केलेला. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कसं दिसतं हे तिला माहीत होतं. "ह्यात माजं नाव का?" तिनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. 'मी मयताची आई, माझी एकच मागणी आहे, की आरोपीस फासावर लटकवावे, तरच माझ्या मुलाच्या आत्म्यास शांती लाभेल.' खाली अंगठ्यासाठी जागा सोडलेली.

"मी आसं कवा म्हनले?"

 मी टाइप केलं होतं. तिला न विचारता. दोन वाक्यं तर माझ्या पदरची होती, आत्म्याची शांती वगैरे, ती मीच घातलेली. कारण ते वाचायला बरं दिसतं. दुसऱ्यांना नावं ठेवणारी मी, माझीही अक्कल तेवढीच निघाली.

"मग तुमची मागणी काय आहे, मावशी?" शेवटी मी विचारलं. तोवर तिला कुणीच विचारलं नव्हतं. ना अध्यक्षांनी, ना बाकड्यावरच्या जजसाहेबांनी.

ती पदराचा काठ चोळू लागली. मग म्हणाली, "माजा पोरगा जाताना काय म्हनला, त्ये मला पायजे. पानी मागितलं का. मला हाक मारली का. तितं दोगंच व्हते. एक गेला. आता त्ये ह्यालाच ठाव हाय. ह्याला लटकावला, तर मी कुनाला इचारू?"

मी तो कागद तिच्यासमोर फाडला आणि तिचं बोलणं तिच्या शब्दांत टाइप केलं. 'त्याला जन्मभर आत ठेवा, काम करायला लावा, पण जिवंत ठेवा आणि त्याला बोलायला लावा.' तिनं अंगठा दिला.

अध्यक्षांनी तो वाचला आणि टेबलावर आपटला. "म्हातारी फुटली," म्हणाले. झालं! गावात तेच पसरलं. म्हातारीला गप्प केलंय, म्हातारीला पोराचं काही पडलेलं नाही. सप्त्याच्या पंगतीत तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. ज्यांनी तिच्या पोरासाठी रक्ताची अक्षरं छापून घेतली, तेच तिच्याशी बोलेनासे झाले. पोटचा पोर गेलेल्या बाईनं किती आणि कसं चिडायचं, हेही यांनीच ठरवून ठेवलेलं. ती त्यापेक्षा कमी चिडली म्हणून ती गुन्हेगार! ती कुणाला उलटून बोलली नाही. तारखेला मात्र प्रत्येक वेळी जायची. तो आरोपी मान खाली घालून उभा असायचा आणि एकच म्हणायचा, मी तिथं नव्हतोच. वकिलानं पढवलेलं. फासाची भीती समोर असताना कोण कशाला म्हणेल, मी होतो आणि त्याचं शेवटचं बोलणं ऐकलं? मावशी तशीच परत यायची.

निकाल गेल्या वर्षी लागला. पुण्याला कोर्टात जायला मंडळानं दोन गाड्या केल्या. एका गाडीत फटाके होते. मावशीला त्या गाड्यांत बसायचं नव्हतं. "तू चल संगं," ती मला म्हणाली. दुकान बंद करून मी तिच्याबरोबर लोकलनं गेले.

जन्मठेप झाली. अध्यक्षांनी बाहेर येऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यांसमोर सांगितलं की आम्ही हायकोर्टात जाणार, फाशी घेतल्याशिवाय गप्प बसणार नाही. आजतागायत त्यांतला एकही हायकोर्टाच्या दिशेनं फिरकलेला नाही. फटाके दिवाळीत वाजवले असतील.

ते बाहेर बोलत होते तेव्हा आम्ही दोघी आत व्हरांड्यात होतो. पोलीस त्याला घेऊन आले. मावशी आडवी गेली. हवालदार "अहो आजी, अहो आजी" करत होता, पण त्यानं तिला ढकललं नाही. तिनं कार्याध्यक्षाच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "आता तरी सांग. जाताना माजा पोरगा काय म्हनला?"

 मला वाटलं, पुन्हा म्हणणार, मी नव्हतोच. पण तो म्हणाला, "आयला सांगू नगं, म्हनला. दोनदा म्हनला."

मावशी मग चक्क हसल्यासारखी झाली. "व्हय, त्योच," मला म्हणाली. "आंब्यावरनं पडून हात मोडला, तवा बी ह्येच. गाडी ठोकली, तवा बी ह्येच. आयला सांगू नगं." आणि मग तिचा चेहरा एकदम बदलला. त्याच्याकडे वळून म्हणाली, "आन त्यावर तू काय म्हनलास?"

तो खाली बघत राहिला. हवालदारानं त्याला पुढे नेला.

येताना लोकलमध्ये मी रडत होते, ती नाही. घोरावाडी स्टेशन गेल्यावर ती म्हणाली, "अर्ज करता येतो का गं, जेलात भेटायचा? त्याचं उत्तर ऱ्हायलंय. हाय ना त्यो जित्ता. इचारीन."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली, तेव्हा अध्यक्ष बाकड्यावर बसले होते. नव्या फ्लेक्सची ऑर्डर घेऊन. 'जन्मठेप नको, फाशीच हवी.' या वेळी मध्ये मावशीचा हात जोडलेला फोटो हवा होता, म्हणजे लोकांना भिडेल. मी म्हणाले, "अध्यक्ष, आधी मावशींचं काम आहे. तुम्ही थांबा. नाहीतर तळेगावात मशीनं पुष्कळ आहेत." ते पुटपुटत उठून गेले. त्यांचा तो सेट मी त्याच वेळी कॉम्प्युटरमधून काढून टाकला.

मग अर्ज भरायला घेतला. नाव, वय, पत्ता, कैद्याचं नाव. पुढची ओळ होती, कैद्याशी नाते. माझा हात थांबला. या माणसाचं आणि या बाईचं नातं काय लिहायचं? गाववाला लिहू? शेजारी?

"काय इचारलंय?" तिनं विचारलं. मी सांगितलं.

"लिव की," ती म्हणाली. "माज्या पोराला शेवटचं बघितलेला मानूस."

जागा एका ओळीची होती. मी अक्षर लहान केलं आणि तेच लिहिलं.