हरणाच्या वाटेवर गुरुनाथकाका

अमेरिकेत ॲन आर्बरला मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो, त्या गुरुनाथकाकांनी आयुष्यात झुरळसुद्धा मारलेलं नाही. तरी घरामागच्या रानात त्यांनी झाडाला कॅमेरा बांधलाय. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. मुलगा शिव शिकारी निघाला. काकांशी भांडून घर सोडल्यावर त्याने एकदाच कळवलं, मोठ्या शिंगांचं हरीण दिसलं तर शिकारीच्या सीझनला येईन. काकांनी देव्हारा मांडावा तसं कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला केलं आणि रोज सकाळी जाऊन फोटो तपासायला लागले.

"काका, रोज गेलात तर हरीण कसं येणार? तुमच्या जॅकेटला हिंगाच्या फोडणीचा वास येतो."

"मग घरी बसू? आणि काल येऊन गेलं असलं तर?"

निम्मे फोटो उगवत्या उन्हाने पांढरेफटक. उरलेल्यांत एकच प्राणी, माकडटोपी घातलेला, लेन्समध्ये वाकून बघणारा. सीझन तोंडावर आला तेव्हा काकांनी शिवला तेच पाठवले. "निदान मी शोधतोय हे तरी कळेल त्याला."

उत्तर आलं, "डॅड, फेस इट नॉर्थ. अँड डोन्ट गो एव्हरी डे."

"येतो म्हणालाय का रे? नीट वाच."

मी पुन्हा वाचलं. नव्हता म्हणाला.

काकांनी त्याच दुपारी कॅमेरा उत्तरेकडे फिरवला. दुसऱ्या सकाळी, तो नीट फिरलाय ना हे बघायला, पुन्हा गेले. आता ऊन समोर नसल्यामुळे फोटोत ते अगदी स्वच्छ आलेत. रात्रभर न झोपलेले डोळेसुद्धा दिसतात.