कुलपातलं मलम

माणसाची प्रतिष्ठा त्याच्या वाणीत असते, असं माझे काका गंभीरपणे सांगत. त्यांची वाणी जिथून बाहेर पडे, त्या खालच्या ओठावर मात्र प्रत्येक समारंभाच्या आधी पाण्याच्या बारीक फोडांचा घोस उगवे. डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयाचे ते अध्यक्ष होते, म्हणजे समारंभ करत.

"रात्री झुरळ चाटलं असेल," शेजारच्या आजी म्हणाल्या. अध्यक्षाला झुरळ चाटतं ही कल्पनाच काकांना सहन झाली नाही. ते मला घेऊन डॉक्टरांकडे गेले. हा विषाणू अंगात दबा धरून बसतो आणि अधूनमधून वर येतो, असं सांगून डॉक्टरांनी बाजारात नव्यानेच आलेलं एक मलम लिहून दिलं.

"ओठ चुरचुरायला लागला की लगेच लावायचं. फोड आल्यावर फारसा उपयोग नाही."

मी हे ऐकलं. काकांनी, मला वाटतं, फक्त औषधवाल्याने सांगितलेली किंमत ऐकली. बोटाच्या पेराएवढी ती ट्यूब घरी आल्यावर चांदीच्या भांड्यांशेजारी कुलपात गेली.

पुढे वाचनालयाचा रौप्यमहोत्सव आला. ठाण्याहून बडे सरकारी अधिकारी येणार होते आणि स्मरणिकेत भाषण करतानाचा अध्यक्षांचा फोटो छापला जाणार होता. काकांना रौप्यमहोत्सवापेक्षा त्या फोटोचीच जास्त काळजी होती. आदल्या दिवशी जेवताना ते सारखे ओठाला बोट लावू लागले.

"अहो, चुरचुरतंय ना? ट्यूब काढू का?" काकूंनी विचारलं.

"नुसत्या चुरचुरण्यावर एवढं महाग औषध उधळायचं? आधी येऊ तर दे."

"आल्यावर काय, ओवाळायचंय त्याला?"

सकाळी तो आला, नेहमीपेक्षा टपोरा. मग काकांनी स्वतः कुलूप काढलं आणि फाटक्या पुस्तकाला खळ लावावी तसं मलम ओठावर थापलं. व्यासपीठावर ते वाचनसंस्कृतीवर पुष्कळ बोलले. पहिल्या रांगेतले अधिकारी त्यांच्या पांढऱ्या ओठाकडे बघत राहिले आणि या अधिकाऱ्यांना वाचनसंस्कृतीची तळमळ आहे, असं काकांना वाटलं.

फोटोच्या धास्तीने पुढे ते छापखान्याकडे फिरकलेच नाहीत. फोड आपल्या सवडीने गेला. स्मरणिका आली तेव्हा काकांनी दार लावून ती उघडली.

फोटोत काकांच्या नाकाखाली फक्त माइक होता.