चंद्राच्या गाडीचे खलाशी

दादा इंजिन ड्रायव्हर नव्हता.

खलाशी होता.

वलवणच्या चौकात भाच्यानं लावलेला ‘निवृत्त ड्रायव्हर’ असा फ्लेक्स मी आज सकाळी उतरवायला लावला. “आत्या, तेवढंच जरा बरं दिसतं,” म्हणाला.

कुणाला बरं दिसतं रे?

काल दुपारी माझा थोरला भाऊ गेला. ब्याऐंशी वर्षांचा होता.

घाट चढताना गाडीला मागून ढकलायला एक इंजिन जोडतात, ते बँकर. ते धुणं, पुसणं, तेल घालणं हे खलाशाचं, म्हणजे दादाचं काम. लोणावळ्याला चढ संपला की बँकर सुटते, गाडी पुण्याला जाते. मागं कुणी होतं, हे पॅसेंजरच्या गावीही नसतं.

माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी जो तो कॅप्टनचे फोटो पेपरातून कापून ठेवत होता. दादा मला म्हणाला, “त्या यानाच्या काचा कोन पुसत आसंल गं?”

आणि बसला चित्रं काढायला.

एक लाकडी पेटी, दोन दांडे, त्यावर ट्रेसिंग पेपरची लांबलचक गुंडाळी, मागे बल्ब. हँडल फिरवलं की चित्रं सरकायची. चंद्राची गाडी. पुढं कॅप्टन टोपी घालून फोटोला उभा. मागं बँकर, तिच्यात चार खलाशी. एक कॅप्टनचे मोजे धुतोय. एकाचा चहा हवेत उडालाय आणि तो ग्लास घेऊन थेंबांच्या मागं पळतोय!

सगळे आवाज माझे. सतरा वर्षांची मी, कॅप्टन!

आमच्या शोचा तो पहिला एपिसोड. शेवटचाही तोच.

रेल्वे कॉलनीच्या गणपतीत दुपारी कार्यक्रम. आदल्या दिवशी वरचे एक साहेब बघायला आले. शेवटच्या चित्रात चंद्रावर हार कॅप्टनला नाही, खलाशांना होता.

“हे काढून टाक. हार कॅप्टनला घाल.” मग हळूच, “परीक्षेच्या यादीत तुझं नाव जायचंय ना?”

ती परीक्षा दिली की दादा ड्रायव्हरकीच्या वाटेला लागणार होता. मी रडायलाच लागले. “दादा, काढ की रं. कागदच हाय.”

“व्हय, काढतो,” म्हणाला. ब्लेड घेऊन शेवटच्या चित्रातली अख्खी बँकर कापली, खलाशांसकट. कॅप्टनच्या गळ्यात हार रंगवला.

दुसऱ्या दिवशी खिडक्यांना गोणपाट लावून शो झाला. कॅप्टनला हार पडला. पहिल्या रांगेत साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, संपलं.

दादानं हँडल फिरवतच ठेवलं. रात्रीतून त्यानं पुढं नवा कागद जोडला होता.

हार घातलेला कॅप्टन गाडीसकट मागं घसरायला लागला. चंद्र गेला. तारे गेले. ढग आले.

माझ्या कागदावर पुढचं काहीच लिहिलेलं नव्हतं. घाबरून मी कॅप्टनच्या आवाजात ओरडले, “आरं, मागं कोन हाय का?”

पेटीमागून दादा म्हणाला, “न्हाई साहेब! आमाला कापलंय!”

अख्खा हॉल खलाशांचा. लोक हसून हसून खुर्च्यांवरून खाली आले. साहेब उठून गेले.

सात वर्षं यादीत दादाचं नाव आलं नाही. आलं तेव्हा त्यानंच नको म्हटलं.

“पस्तावतोस का?” मी एकदा विचारलं होतं.

“लय हसली गं मान्सं त्या दिवशी,” एवढंच म्हणाला.

काल बायकांनी स्मशानात येऊ नये म्हणाले. मी गेले. दादाला ठेवलं आणि मला राहवेना. सगळ्यांसमोर ओरडले, “मागं कोन हाय का?”

काठी टेकत उभे असलेले त्याचे तीन जुने खलाशी जोडीदार एकदम म्हणाले, “हाय!”

तेव्हा कुठे मला रडू आलं.

नवा फ्लेक्स संध्याकाळी लागतोय. नावाखाली एकच शब्द, मोठ्या अक्षरात: खलाशी.

चढ संपला, दादा. सुटलास. ये आता.