तिने सांगितलेले मोजे

वेंगुर्ल्यात लोकरीचे मोजे लागत नाहीत. पौषात पहाटे अंगावर चादर ओढावी लागते, एवढीच आमची थंडी. तरीही माझी बायको लग्न होऊन आल्यापासून लोकरीचे मोजे विणत होती आणि घरच्यांना, शेजाऱ्यांना, काजूच्या कारखान्यातल्या मैत्रिणींना देत होती. लोक हसून घ्यायचे. घालायचं कोणी नाही. एकीने त्यात मोबाइल ठेवायला सुरुवात केली होती. ते बघून ती नाराज झाली नाही. म्हणाली, "वापरता तरी गो."

ती फोंडाघाटची. शाळेत असताना घाटावरून बदली होऊन आलेल्या एका बाईंनी तिला विणायला शिकवलं होतं. मी ट्रकचा ड्रायव्हर. इथून काजू, आंबे, कधी बर्फातली मासळी घेऊन कोल्हापूरला जायचो, येताना मिळेल तो माल आणायचो. लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात मी घाटातून आलो आणि पाय सुन्न झालेत म्हणून चुलीपुढे बसून राहिलो. केबिनचा दरवाजा खालून नीट लागत नसे, तिथून वारा थेट पायांवर यायचा.  पुढच्या फेरीला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत राखाडी रंगाचे मोजे होते. ते घालून मी पहिल्यांदा घाट चढलो तेव्हा गाडीत माझ्याबरोबर कोणीतरी बसलंय असं वाटलं. क्लीनरला मी हे सांगितलं नाही, तो हसला असता.

लोकर इथे मिळत नसे, ती मीच कोल्हापूरहून आणायचो. बायको मला दोऱ्याचा तुकडा द्यायची, "ह्याच रंगाची आणा, जराय फरक नको," असं बजावून. मी दुकानात तो तुकडा गुंड्यांना लावून बघत उभा राहायचो. पावसाळ्यात लोकरीला वास धरायचा, म्हणून ती बिस्किटांच्या मोठ्या डब्यात कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायची.

आम्हाला एकच मुलगा. तो बोटीवर लागला, इंजिनरूममध्ये. सुरुवातीची काही वर्षं त्याची बोट थंड समुद्रात फिरायची. त्याने एकदा डेकवर बर्फात उभा असलेला फोटो पाठवला आणि फोनवर म्हणाला, "आये, तुझे मोजे घातलंय म्हणान पाय जाग्यार आसत. आणखी एक जोड करून ठेव." तेव्हापासून तो दर वेळी घरी आला की निघताना त्याच्या बॅगेत नवा जोड असायचा. आयुष्यभर तिने एवढे मोजे विणले, पण मागून घेतलेले तेवढेच.

तिला आजार झाल्याचं कळलं तेव्हा माझी गाडी बंद होऊन वर्ष होत आलं होतं. पोटात दुखतं म्हणून आम्ही इथल्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी गोव्याला पाठवलं, तिथे सगळ्या तपासण्या झाल्या. औषध शिरेतून द्यायचं ठरलं. मुलाला कळवलं. तो म्हणाला, "कॉन्ट्रॅक्ट संपला की लगेच येतंय." आम्ही दोघांनीही त्याला सांगितलं, काळजी करू नको, इथे सगळं ठीक चाललंय. तिने त्याच आठवड्यात निळ्या लोकरीचे टाके घातले. तो येईल तेव्हा जोड तयार हवा.

औषधाच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग बोटं बधिर झाली. आधी कपबशी हातातून पडली, मग ब्लाउजचे हूक लागेनात. कारखान्यात काजूची साल तिच्याइतकी झरझर कोणाला काढता येत नसे, ती बोटं आता लाकडासारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले, काहींचं हे बरं होतं, काहींचं राहतं.

एका दुपारी मी बाजारातून आलो तर ती पडवीत बसली होती आणि निळा मोजा उसवत होती. घोट्यापर्यंत आलेला होता.

"काय करतंस गो?"

"टाके सुटतत. सुटले तरी माका कळणा नाय. मदीच भोकां पडली आसत." तिने दोरा ओढत ओढत सगळा उसवला आणि गुंडा माझ्यापुढे धरला. "तुमी विणा."

"मी?"

"मगे कोण? हात आसत मा तुमका."

"ह्या हातांनी सगळा जल्म स्टेअरिंग धरला. सुयो खंयसून धरतले?"

"मी सांगतंय तशे धरा."

मला वाटलं होतं तिचं मन रमावं म्हणून चार दिवस करावं, पुढे ती विसरेल. ती विसरली नाही. रोज पेज पिऊन झाली की ती पडवीतल्या खाटेवर उशीला टेकून बसायची आणि मी खाली चटईवर. सुलट, उलट, सुलट, उलट. माझी पकड इतकी घट्ट होती की टाके सुईवरून सरकेनात. "गाडी घाटात नाय आसा," ती म्हणायची, "ढिला सोडा." घामाने लोकर बोटांना चिकटायची. चूक झाली की ती लगेच सांगायची, पुढे गेल्यावर नाही. तिला हातात धरून बघता येत नव्हतं, पण डोळे पक्के होते.

रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. एकाने विचारलं, "काय रे, गाडी विकून आता ह्यो धंदो?" मी मान खाली घालून टाके मोजत राहिलो. ती मात्र त्या दिवशी खूप दिवसांनी हसली.

आधी तिने माझ्याकडून सरावासाठी एक लहान जोड करून घेतला, तांबड्या लोकरीचा. वेडावाकडाच झाला, पण मोजे म्हणून ओळखू येत होते. तिने ते मांडीवर ठेवून खूप वेळ पाहिले. मग म्हणाली, "ह्ये माझ्या बहिणीक नेऊन दिया. तिचे पाय कायम थंड आसतत."

तिची मोठी बहीण फोंडाघाटलाच दिली होती. लहानपणी दोघी एकाच ताटात जेवायच्या म्हणे. आजार कळल्यापासून ती एकदाच येऊन गेली होती, तेही उंबऱ्याजवळ बसून. आम्हाला वाटलं, गाडीची घाई असेल.

मी बसने गेलो. बहिणीने पाणी दिलं, चहा दिला, विचारपूस करताना रडलीसुद्धा. मी पिशवीतून मोजे काढून पुढे केले. "तुझ्या बहिणीन पाठयल्यान. मी विणलंय, तिना सांगल्यान तशे."

तिने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. मग दोन बोटांनी एक टोक धरून मोजे घेतले आणि बाहेर तुळशीपाशी धुणं धुवायच्या दगडावर नेऊन ठेवले. आत येऊन हात धुतले. मी बघत होतो हे तिच्या लक्षात आलं.

"तसा काय नाय भावजी," ती म्हणाली. "दुखण्यातल्या माणसाची वस्तू. घरात नातवंडां आसत."

"ह्यो रोग लागना नाय. डॉक्टर सांगतत."

"डॉक्टर सांगतले. आमका काय कळता."

मी चहा संपवला आणि निघालो. जाताना दगडाकडे पाहिलं नाही. परतीच्या बसमध्ये मी मनात एक-दोन वाक्यं जुळवून पाहिली, की तिने लगेच घातले, तिला आवडले. पण घरी आल्यावर बायकोने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलंच नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "भिता ती. ल्हानपणापासून सगळ्याक भिता." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी आम्ही विणायला बसलो नाही.

मुलाच्या मोज्यांचे टाके मी दुसऱ्या दिवशी घातले. आता तिला बसवत नव्हतं, ती पडूनच सांगायची. मापाची पट्टी तिला नको होती. "तेच्या पायाचा माप माझ्या हातात आसा," म्हणायची आणि बधिर पंजा पसरून विणलेल्या भागावर ठेवायची. अजून चार बोटं हवीत, अजून दोन. टाचेच्या वळणाशी मी तीनदा अडलो. तिसऱ्या वेळी मी सुया खाली ठेवल्या आणि म्हटलं, माझ्याच्यान होणार नाही. तिने डोळे मिटले. "थोडा पाणी पिया, मगे धरा," म्हणाली. मी पाणी प्यालो, परत धरल्या. टाच वळली.

गोव्याच्या डॉक्टरांनी शेवटच्या खेपेला मला वेगळं बोलावलं नाही, तिच्यासमोरच सांगितलं की आता औषधाचा त्रासच जास्त होईल, घरी राहा, काय खावंसं वाटेल ते खा. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "बरा झाला, परत परत येवक नको." आणि गोव्याची हद्द ओलांडून बांदा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

मुलाला आम्ही खरं काय ते सांगितलं. त्याची बोट मध्येच कुठेतरी होती. बदली माणूस मिळाल्याशिवाय त्याला उतरता येत नव्हतं. तो फोनवर रडायचा, ती त्याला समजवायची. फोन ठेवला की मला म्हणायची, "विणा बेगीन."

पहिला मोजा पुरा झाला. दुसरा सुरू केला. माझा वेग आता वाढायला हवा होता, तो कमी झाला होता. ते तिच्या लक्षात आलं.

"मुद्दाम सावकाश विणतास मा?"

"नाय गो. हात चलणत नाय."

"माका पुरो झालेलो बघूचो आसा," ती म्हणाली. "असा करू नकात."

मी खोटं बोललो नव्हतो. हात खरंच चालत नव्हते. सुई टाक्यात घातली की डोळ्यांपुढे सगळं एकजीव निळं व्हायचं. त्यानंतर मी जमेल तेवढं केलं. पण तिची झोप वाढत गेली, सांगणं कमी होत गेलं. शेवटच्या दोन दिवसांत ती मोज्यांविषयी काही बोलली नाही. एका सकाळी मी पेज भरवायला गेलो, तेव्हा ती गेलेली होती. दुसरा मोजा पावलाच्या मध्यापर्यंत आला होता.

मुलाला पोचता आलं नाही. अग्नी मी दिला. बहीण आली होती, यावेळी ती घरात आली, पायांना हात लावून रडली.  तिचं दुःख खोटं नव्हतं.

दिवसकार्य आटोपायच्या सुमारास मुलगा आला. त्याआधी उरलेला मोजा मी पहिला समोर ठेवून, त्याच्याकडे बघत पुरा केला. बोटांकडचा भाग तिरका आला. सांगायला कोणी नव्हतं.

तो निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला जोड दिला. कसा विणला, तिने कसं सांगितलं, ते सगळं सांगितलं. तो मोजे हातात घेऊन बसला. मग हळूच म्हणाला, "बाबा, आता माझी बोट आखातात चलता. दोन वर्सां झाली. थंय इंजिनात उभा ऱ्हवलो तर बुटातसून घाम सांडता."

"आवशीक सांगलंस नाय?"

"ती विणी. तिका बरा वाटी." मोजे मांडीवर ठेवत म्हणाला, "पण मी नेतंय. घालतलंय."

तो गेल्यावर मी त्याची गादी उचलायला गेलो. मोजे उशीखाली होते. एकात एक गुंडाळून नीट ठेवलेले. विसरला असेल असं मी आधी मनाला सांगितलं. पण विसरलेली वस्तू कोणी अशी घडी करून ठेवत नाही. बॅगेत जागा नसेल, किंवा सोबत नेणं त्याला सोसलं नसेल. मला ठरवता आलं नाही.

महिन्याभराने त्याचा फोन आला. मी खाटेवर बसलो होतो, मोजे शेजारीच होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी विचारलं, "मोजे घातलंस?"

"होय बाबा," तो म्हणाला. "काल एसीत निजताना घातलंय. बरे वाटले."

मी "बरा" म्हटलं. जेवलास का विचारलं. त्याने होय म्हटलं आणि लाइन गेली.

मला त्याचा राग आला नाही. मला कसलंच काही वाटलं नाही, आणि तेच वाईट होतं.

नंतर कारखान्यातली तिची एक मैत्रीण घरी आली. मी एकटा बसून असतो हे तिच्या नजरेस आलं असावं. म्हणाली, "भाऊ, माका एक जोड विणून दिया. तुमका येता मा आता." ती दयेपोटी बोलत होती, पण मी हो म्हटलं. डबा काढला, टाके घातले, दोन बोटं विणलं. मग सुलटच्या जागी उलट गेलं आणि मी हात थांबवून बसलो. काय केलंत ते बघा, असं खाटेवरून कोणी म्हणेल म्हणून थांबलो होतो.  बाहेर कोंबड्या ओरडत होत्या, मच्छीवाली हाक मारून पुढे गेली.

मी ते उसवलं. डबा लोकरीसकट त्या मैत्रिणीच्या घरी नेऊन दिला. आपली भाची त्याचं काहीतरी करील, असं ती म्हणाली. मी घरी आलो, सकाळचा भात गरम केला आणि उभ्या उभ्याच खाल्ला.